माहेरचे दप्तर

परदेशात राहून वारसा जपायचा म्हटले की गणेशोत्सव, दिवाळी आणि मुलांची रविवारची मराठी शाळा हे विषय हमखास निघतात. हॅम्बुर्गला आल्यापासून या तिन्हींत मी यथाशक्ती सहभागी झाले आहे आणि त्यांचे मोल मला कमी लेखायचे नाही. तरीही या सगळ्या ठिकाणी आपण मुख्यतः तेच पुन्हा करतो जे आपल्याला आधीपासून येत असते. मोदक येतात म्हणून मोदक करतो, आरत्या पाठ आहेत म्हणून आरत्या म्हणतो. जे आपल्या घरात होते परंतु आपल्यापर्यंत पोचलेच नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न मला माहेरच्या जुन्या कागदांनी घातला आणि त्यापायी मोडी लिपी शिकावी लागली. त्या शिकण्याची, आणि शिकल्यावर जे वाचनात आले त्याने घरात जे घडवले त्याची, ही हकिगत आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात आहे. माळ्यावरच्या लाकडी पेटीत लाल रुमालात बांधलेले एक दप्तर होते, आणि दसऱ्याला शस्त्रांऐवजी त्याचीच पूजा होत असे. आजोबांना त्यातले कागद वाचता येत, कारण मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळबोधीबरोबर, म्हणजे आजच्या देवनागरीबरोबर, मोडीही शिकवली जात होती. वडिलांना आजोबांची सही ओळखण्यापुरती मोडी येत होती आणि वडिलांपेक्षा बरेच लहान असलेल्या काकांना तेवढीही नाही. माझ्या पिढीपर्यंत त्या रुमालाला हळदकुंकू वाहण्यापलीकडे कोणी हात लावीनासे झाले. ज्या दप्तराची आपण पूजा करतो त्यात काय लिहिले आहे हे घरातल्या एकालाही ठाऊक नसावे, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मलाही गावी राहत असते तर वाटले नसते.

ते वाटू लागण्याचे कारण हॅम्बुर्गमध्ये मिळाले. आमच्या इमारतीतील एका शेजारणीला तिच्या पणजोबांची पत्रे सापडली आणि ती तिला वाचता येईनात. जर्मन माणसाला जर्मन पत्र वाचता येऊ नये याचे मला प्रथम नवल वाटले. मग तिने सांगितले की जर्मन हस्ताक्षराची जुनी पद्धत निराळी होती. तिला कुरेंट म्हणत, आणि तिचेच ज्युटरलीन नावाचे सोपे शालेय वळण प्रशियातील शाळांतून १९१५ पासून शिकवले जात होते. १९४१ मध्ये सरकारी आदेशाने ती लिपी शाळांतून काढून टाकण्यात आली आणि एकदोन पिढ्यांतच घरोघरीच्या पत्रांना, चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदींना आणि पाककृतींच्या वह्यांना वाचक उरला नाही. हॅम्बुर्गमध्ये ज्येष्ठ नागरिकांची एक स्वयंसेवी मंडळी आहे. लोक आपली जुनी पत्रे त्यांच्याकडे नेतात आणि ते ती आजच्या लिपीत उतरवून देतात. शेजारणीबरोबर मी तिथे गेले होते. ऐंशीच्या घरातील दोन माणसे एका शब्दावर भिंगे धरून बराच वेळ वाद घालत होती आणि शेजारीण आपल्या पणजोबांच्या हिवाळ्यातील खोकल्याची हकिगत ऐकत बसली होती. आपल्याकडच्या पेटीसाठी असे कोण आहे, हा विचार माझ्या मनात त्याच दिवशी आला.

कागद पाहायला मिळणे हीच पहिली अडचण होती, आणि ती लिपीची नव्हती. सासरी गेलेल्या मुलीने माहेरचे जुने कागद मागितले की आपल्याकडे पहिला विषय जमिनीचा निघतो. काकांनी फोनवर, अगदी प्रेमाने, “तुला आताच का गं हवेत ते?” असे विचारले, आणि त्या ‘आताच’मध्ये काय दडलेले आहे हे मला समजत होते. मी काकांना आणि दादाला एकच सविस्तर पत्र लिहिले. त्यात असे स्पष्ट केले की मला फक्त छायाचित्रे हवी आहेत, मूळ कागद आहेत तिथेच राहतील, जे जे वाचून होईल ते घरातील सर्वांना एकाच वेळी मिळेल आणि कोणत्याही हक्काचा प्रश्न मी या कामातून काढणार नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला थोडे जड गेले, कारण मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती मला माहीत आहे आणि तिच्याबद्दल माझे मत काकांच्या मतासारखे नाही. परंतु दोन्ही गोष्टी एका पेटीत घातल्या असत्या तर पेटी उघडलीच नसती.

विश्वास बसल्यावर काकांचे मन एकदम दुसऱ्या टोकाला गेले आणि “सगळे घेऊनच जा की, इथे कसर खाते आहे” असे ते म्हणू लागले. याला मीच नकार दिला. पुरावशेष आणि कलामूल्य वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आमच्या घरचे गहाणखत त्या व्याख्येत बसते की नाही यावर वकिलांनी वाद घालावा; मला विमानतळावर तो घालायचा नव्हता. शिवाय कागद गावातून हलले की ते गावाचे राहत नाहीत, असे माझे मत आहे, आणि पुढे जे झाले त्याने ते अधिकच पक्के झाले.

छायाचित्रे दादाने काढली. पावसाळ्यात कोकणातील हवेत कागद सर्द होऊन एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून ते काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांवर ढकलले. ओटीवर उत्तरेकडच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यायची, आणि रुमालातील क्रम मुळीच बदलायचा नाही, एवढ्याच सूचना होत्या. मागची बाजू कोरी दिसली तरी घ्यायची, कारण कागदाची घडी घातल्यावर वर जो भाग येतो तिथे कोणीतरी एका ओळीत विषय लिहून ठेवलेला असतो आणि पुढे यादी करताना तीच ओळ सर्वांत उपयोगी पडते. फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावण्याचा आणि महत्त्वाचे वाटतील ते लॅमिनेट करून घेण्याचा बेत दादाने आखला होता. तो मोडून काढायला मला बरेच फोन करावे लागले. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा कधीच मोकळा करता येत नाही, आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाईसकट कागद खातो. कागद शेवटी आम्लरहित पाकिटांत घातले आणि ती पाकिटे त्याच लाकडी पेटीत, वेखंडाच्या तुकड्यांसह, परत गेली.

मोडी शिकवणारे एक निवृत्त शिक्षक पुण्यात होते. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग भरतात, १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही ते होतात, परंतु मला वर्गात जाऊन बसणे शक्य नव्हते. सरांनी शनिवारी सायंकाळी दूरस्थ शिकवण्याचे कबूल केले. पुण्यात सहा वाजलेले असताना हॅम्बुर्गमध्ये उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, म्हणजे ऋतू बदलला की माझे शनिवारचे जेवण तासाभराने सरकते. वर्गात माझी बंगळुरूची आत्येबहीण, नाशिकचा एक तरुण वकील आणि आजीची पत्रे वाचायची म्हणून आलेल्या टोरोंटोच्या एक बाई होत्या. त्या बाईंकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असत आणि त्या चहाचा पेला हातात घेऊनच हजेरी लावीत.

सरांची पहिली अट अशी की वाचायला शिकण्यापूर्वी लिहायला शिकायचे. मला ती आधी वेळकाढू वाटली, कारण मला मोडीत काही लिहायचे नव्हतेच. पण मोडी ही हाताच्या चालीतून घडलेली लिपी आहे आणि ती चाल हातात आल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. बाळबोधीत आपण अक्षरे काढून वर रेघ देतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. काना खालून वर नेतात, त्यामुळे एक अक्षर संपते तेव्हा हात पुढच्या अक्षरासाठी रेषेपाशी पोचलेला असतो. हात उचलावा लागू नये हा सगळा खटाटोप आहे, आणि त्यापायी काही अक्षरे काना लागताच आपले मूळ रूप सोडून देतात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात आणि दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते. अशी सलग ओळ प्रथम पाहिली की ती गुंतलेल्या लोकरीसारखी दिसते; कित्ता गिरवून हाताला वळण लागल्यावर तीच ओळ कुठे थांबली आणि कुठे वळली ते कळू लागते. इथल्या चित्रकलेच्या दुकानात बोरूसारखी कापलेली वेताची लेखणी मिळाली, तिनेही काही पाने लिहिली, परंतु रोजच्या सरावाला तिरप्या टोकाचे शाईपेनच बरे पडले.

छापील मोडीचा फार उपयोग होत नाही, हेही याच सुमारास कळले. मोडी एके काळी छापली जात होती. सेरामपूरला विल्यम केरीने १८१० मध्ये काढलेला मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. युनिकोडमध्येही २०१४ पासून मोडीला जागा मिळाली आहे आणि संगणकावर तिचे टंक वापरता येतात. सरावाचे तक्ते करायला ते उत्तम आहेत. पण टंकातली अक्षरे सुटी, सारखी आणि आज्ञाधारक असतात, आणि आमच्या पेटीतला कारकून यांपैकी काहीच नव्हता.

वाचनाची खरी सुरुवात मायन्यांपासून झाली, आणि ही सरांची युक्ती मला फार मोलाची वाटते. जुन्या पत्रांचे आरंभ आणि शेवट ठरलेले असतात. ‘साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असावे’ असा आरंभ आणि ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’ असा शेवट, थोड्याफार फरकाने, पत्रामागून पत्रांत येतो. नवे हस्ताक्षर समोर आले की मधला मजकूर सोडून आधी ही दोन टोके शोधायची. तिथे काय लिहिले असणार हे आपल्याला माहीत असल्यामुळे त्या लेखकाचा ‘स’ कसा, ‘ण’ कसा, त्याचे जोडाक्षर कुठे तुटते, याची एक छोटी वर्णमालाच हाती येते आणि तिच्या आधाराने मधल्या अनोळखी मजकुरात शिरता येते. खतांचेही असेच आहे: कोणी, कोणास, कोणत्या कारणाने, किती मुदतीने लिहून दिले, चतुःसीमा कोणत्या आणि साक्षीदार कोण, हा क्रम सहसा मोडत नाही.

कालगणनेने मात्र आम्हाला पुष्कळ घोळवले. पेटीतील बहुतेक कागद एकोणिसाव्या शतकातील असल्याने त्यांवर शालिवाहन शक होता, आणि शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो एवढे शाळेतच शिकलेलो होतो. पण जीर्ण कागदावर १ आणि ९ यांतला फरक कसरीच्या एका छिद्राने नाहीसा होतो. एका खतावर शके १७८१ वाचायचे की १७८९ हे ठरेना, तेव्हा सरांनी शेजारचे संवत्सराचे नाव वाचायला सांगितले. ते ‘प्रभव’ असे निघाले. साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव पहिला. शके १७८९ हे प्रभव संवत्सर आहे आणि १७८१ हे सिद्धार्थी. म्हणजे खत १८६७-६८ मधले ठरले. ज्या संवत्सराचे नाव आम्ही पाडव्याला पंचांगातून ऐकून विसरत आलो, ते असे आकड्याची साक्ष देणारे निघावे याचा मला फार आनंद झाला.

पेटीच्या तळाशी असलेल्या दोन कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरली जाणारी एक कालगणना, अरबी संख्यानामांत लिहिलेला होता. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७८. हे वर्ष मृगापासून सुरू होते आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७७-७८. हे गणित एकदा बसले की पुढे अवघड नाही. अवघड जातात ते महसुली शब्द. त्यांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि माधव त्रिंबक पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश ही दोन पुस्तके कायम उघडी ठेवावी लागतात. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, म्हणून परदेशात असल्याची अडचण इथे मुळीच जाणवत नाही. संक्षेपांचीही अशीच सवय करून घ्यावी लागते. उभे दोन दंड शब्दापुढे आले तर तो संक्षेप असतो, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. तेच दोन दंड आकड्यापुढे आले तर निम्मे, म्हणून ‘५॥’ म्हणजे साडेपाच. एक दंड असेल तर सव्वा आणि तीन असतील तर पाऊण.

हे सगळे शिकत असताना मनात एक अपेक्षा होती, ती नोंदवून ठेवते. घरात नेहमी सांगितले जाई की आपले घराणे मोठे, पेटीत सनदा आहेत, कोणा सरदाराचे पत्र आहे. गावाकडून आलेल्या प्रत्येक मराठी घराण्यात अशी एखादी सनद असतेच, निदान बोलण्यात. आमच्या पेटीत सनद नव्हती. होते ते भाताचे हिशेब, खंडी-मण-पायलीत. पावत्या, कबुलायती, भावाभावांतील एक वाटणीपत्र ज्यात फणसाच्या झाडाच्या फांद्यांचीसुद्धा वाटणी केलेली आहे, आणि बरीच गहाणखते. आम्ही खोत होतो, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारे वतनदार. कुळांनी अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकावर, किंवा तिर्धेलीने जमीन कसायची आणि वर्षभराचे धान्य पावसाळ्यात संपले की आमच्याकडूनच उसने घ्यायचे, ही व्यवस्था त्या कागदांतून महिन्यामहिन्याने दिसते. आमच्या घरात ‘खोती गेली’ हे वाक्य मी लहानपणापासून एका दुःखद घटनेच्या स्वरात ऐकले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत रद्द झाली, हे मी पुस्तकांत वाचले होते. पण पुस्तकातली खोती आणि ओटीवरचा झोपाळा यांची गाठ मी कधी घातली नव्हती. पेटीने ती घातली.

शके १७८९ चे ते खत याच गठ्ठ्यातले. आषाढातले आहे. वाडीतील एका बाईने, घरी कर्ता पुरुष नसल्याचे नमूद करून, आमच्या खापरपणजोबांकडून अडीच खंडी भात घेतले आणि त्याबद्दल खाडीलगतचा एक दळा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, गहाणलहाण लिहून दिला. गहाणलहाण म्हणजे मुदतीत फेड झाली नाही तर तेच खत विक्रीचे समजायचे. फेड झाल्याची कोणतीही नोंद कुठे नाही, आणि तो दळा आमच्या जमिनींच्या यादीत पुढे दिसतो. खताखाली तिचे नाव कारकुनाने लिहिले आहे आणि शेजारी एक लहानसे वर्तुळ काढलेले आहे. अक्षर न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करीत असे आणि स्त्रिया बांगडीची. त्या पेटीतील शेकडो कागदांत बाईच्या हातची खूण आहे ती एवढीच. आमच्या घराण्यातील एकाही स्त्रीचे नाव कोणत्याही कागदावर नाही; वाटणीपत्रातही ‘घरातील बायकामाणसे’ असा एक सामुदायिक उल्लेख येतो आणि तो चुलींच्या संदर्भात आहे.

ठरल्याप्रमाणे मी हे लिप्यंतर सर्वांना पाठवले. काकांचा दोन दिवस फोन आला नाही. मग आला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाकीचे सगळे छापू आपण, हा एक कागद तेवढा राहू दे.” घराण्याच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायचे दादाच्या मनात होते, तिच्याविषयी ते बोलत होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढेच म्हटले की, काका, पूजा तर आपण या कागदाचीही करत आलो. आत्येबहिणीचे म्हणणे माझ्यापेक्षा तिखट होते आणि दादाचे आमच्या दोघींच्या मध्ये कुठेतरी. मला काकांचे म्हणणे पटले नाही, पण ते समजले. ते त्या गावात राहतात. वाडीतल्या माणसांशी त्यांचा रोजचा व्यवहार आहे, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बांगडीच्या निशाणीला तोंड त्यांना द्यायचे आहे, मला नाही. परदेशात बसून सत्याचा आग्रह धरणे फार स्वस्त असते, ही जाणीव मला या कामात अनेकदा झाली आहे. शेवटी पुस्तिकेचा बेत बाजूला पडला आणि त्याऐवजी सर्व कागदांची, एकही न गाळता, साधी वर्णनात्मक यादी करायचे ठरले. माझ्या मुलीला मोडीत अजिबात रस नाही आणि मी तिला तो लावायचा प्रयत्नही सोडून दिला आहे, पण रकाने आखण्यात तिला गती आहे; यादीचा तक्ता तिने करून दिला.

यादी वाडीत पोचली ती दादामुळे. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली होती आणि आमच्याकडे कोणीतरी मोडी वाचते ही बातमी गावात पसरली होती. वाडीतल्या त्या घराण्यातील एक मुलगी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीच्या खटपटीत होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तिच्या घरी त्याआधीचा एकही कागद नव्हता. दादाने यादीत शोधले तेव्हा तेच खत पुढे आले, कारण लिहून देणारीच्या नावापुढे कारकुनाने तिची जात स्पष्ट लिहिली होती. आडनाव, वाडी आणि त्या बाईच्या नवऱ्याचे नाव त्यांच्या घरी पाठ असलेल्या वंशावळीशी जुळत होते.

मी केलेल्या लिप्यंतराला कार्यालयात काही किंमत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त मोडी वाचकाचे प्रमाणित लिप्यंतर आणि तपासणीसाठी मूळ कागद लागतो. खासगी खताला किती वजन द्यायचे हेही जात पडताळणी समितीच ठरवणार. सरांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याचे नाव सुचवले आणि त्याने प्रमाणित प्रत करून दिली. मूळ कागदाचा प्रश्न निघाला तेव्हा काका म्हणाले की दप्तरातील कागद आपल्या हाताबाहेर जाणार नाही. ही अडवणूक आहे असे मला वाटले होते. त्यांनी पुढे सांगितले की कागद घेऊन ते स्वतःच त्या मुलीबरोबर रत्नागिरीला जातील, आणि सकाळच्या गाडीला आताशा बसायला जागा मिळत नाही म्हणून आदल्या रात्री तिथे मुक्कामाला जावे लागेल. त्याप्रमाणे ते गेले. समितीचा निर्णय अजून यायचा आहे.

दरम्यान त्या मुलीच्या आजीने दादाला बोलावून एक पत्र्याची पेटी दाखवली. तीत काही पावत्या, मुंबईहून आलेली पोस्टकार्डे आणि कोर्टातील एका जुन्या दाव्याचे कागद आहेत, सगळे मोडीत. दाव्याच्या पहिल्या पानावर प्रतिवादी म्हणून आमच्या पणजोबांचे नाव आहे, एवढे मला छायाचित्रावरून लागले. पुढचे हस्ताक्षर घाईचे आणि शाई फिकी आहे. पुढच्या शनिवारी सर ते वर्गात घेणार आहेत. काकांनीही या वेळी हजर राहायचे ठरवले असून, दादाने त्यांना कॅमेरा कुठून सुरू होतो ते दाखवून ठेवले आहे.